बाळारामच्या खिशातला रुपया

जानेवारी अर्धा सरला की पनवेलच्या बाजारात भांबुर्ड्याच्या जुड्या येतात. एरवी हे रानटी झुडूप कुणी फुकट दिलं तरी घेणार नाही. शेताच्या बांधावर, गटाराच्या कडेला, कुठंही उगवतं. पण पोपटीचे, मडक्यात शेंगा भाजायचे दिवस आले की त्याला भाव चढतो. शेजारी वालाच्या हिरव्या शेंगांचे ढीग आणि त्यापलीकडे उपडी मांडलेली मडकी. गिऱ्हाईक शेंग मोडून दाणा भरलाय का बघतं आणि उगीच दोन रुपयांसाठी हुज्जत घालतं. त्या पाल्याचा उग्र वास नाकात गेला की बाकीच्या पनवेलकरांच्या तोंडाला पाणी सुटतं. मी मात्र रस्ता बदलतो, उरण नाक्याकडून वळसा घालून घरी जातो. बायको विचारते, शेंगा नाही आणल्या? मी म्हणतो, चांगल्या नव्हत्या. माझ्या हिशेबानं गेली चार वर्षं पनवेलच्या बाजारात चांगल्या शेंगा आलेल्याच नाहीत.

यंदा मात्र पळता आलं नाही. धाकटी बहीण यमुना हिचा फोन आला. "दादा, रविवारी पोपटी लावायची हाय. तीन वर्सं तू काय ना काय कारण सांगतोस. यंदा आला नायस तर तुज्या दारात येऊन बसेन." यमुना खरोखर येऊन बसेल. लहानपणी एका पेरूसाठी तिनं मला दुपारभर दारात अडवून ठेवलं होतं. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि कपाटाच्या खणातली डबी काढून शर्टाच्या खिशात टाकली. त्या डबीत एक रुपया होता. त्या रुपयाबद्दल मी तोवर कुणाला सांगितलेलं नव्हतं, आणि आता लिहायला बसलोय.

मी चित्रकलेचा शिक्षक होतो. स्वतः चित्रं फार काढली नाहीत. आयुष्य पोरांच्या वाकड्या फुलदाण्या सरळ करण्यात गेलं. त्यातून डोळ्याला चूक शोधायची सवय लागली आणि त्या सवयीतूनच टाकसाळीत बिघडलेली नाणी जमवायचा हा नाद जडला. टाकसाळीत पोलादी ठशाखाली नाणं दाबतात. त्या ठशाला डाय म्हणतात. नाण्यांमागून नाणी दाबून डाय थकतो, त्याला तडा जातो. काम काही थांबत नाही. मग त्या तड्यात धातू शिरतो आणि पुढच्या प्रत्येक नाण्यावर एक बारीक रेघ उठते. तडा वाढतो तशी रेघ वाढते आणि एक दिवस डायच्या कडेचा टवकाच उडतो. त्यानंतर निघणाऱ्या नाण्यांवर त्या जागी ना चित्र, ना अक्षर. नुसता धातूचा गुळगुळीत उंचवटा. कुणीतरी लक्षात आणून देईपर्यंत अशी थोडी नाणी निघतात आणि चार चांगल्या नाण्यांत मिसळून बाजारात येतात. कुणी त्यांचा चहा पितं, कुणी त्यांचं तिकीट काढतं.

नवखा माणूस ओरखड्याला तडा समजतो. खूण सोपी आहे. ओरखडा नाण्याच्या अंगात खाली जातो, तड्याची रेघ अंगावर वर उठते. नख फिरवलं की कळतं. आणि कडेचा उंचवटा खरा की कुणी डाग देऊन चिकटवलेला, हे बघायचं तर नाणं उलटायचं. उंचवट्याच्या बरोबर मागची छाप पुसट असते, कारण दाब पडताना तिथला धातू पलीकडच्या खळग्यात निघून गेलेला असतो. एका अंगाला जे जास्त आलं, ते दुसऱ्या अंगाचं गेलेलं असतं. हे मी शेकडो लोकांना शिकवलंय आणि शिकवताना मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटायचं.

लोक यायचे ते मोबाईलवर बघून. अमुक रुपयाचे पाच लाख, तमुक नाण्याचे दहा लाख, असं कुणीतरी ओरडून सांगत असतं. मग शेजारपाजारचे लोक पुडीत नाणी बांधून माझ्या दारात. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचं घराचं काम अडलेलं. मी भिंग लावून बघायचो आणि सांगायचो, हा ओरखडा आहे, हे एक रुपयाला एक रुपया. रेघ खरी निघाली तर पन्नास-शंभर. टवका मोठा असेल, नाणं फार झिजलेलं नसेल आणि वेडं गिऱ्हाईक भेटलं, तर काहीशे. चेहरे उतरायचे. एक बाई तर तोंडावर म्हणाल्या, "मास्तर, तुम्हालाच हवं असेल, म्हणून कमी सांगताय." तेव्हा मला भयंकर राग आला होता. हल्ली त्या बाईंचा राग येत नाही.

बाळाराम शाळेत माझ्या बाकावर बसायचा. पुढे तो यमुनेचा नवरा झाला, पण मी त्याला भाऊजी-बिऊजी म्हटलं की हसत सुटायचा. विचुंब्यात त्याचं घर, घरामागं शेत. स्टेशनवरून विचुंब्याला तो सहा आसनी रिक्षा चालवायचा. आठवड्याभराचे सुटे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात साठवायचा आणि रविवारी डबा माझ्यापुढे ओतायचा. "घे मास्तर, तुजे तांदूळ निवडून घे." मी निवडायचो आणि तो शेजारी बसून चहा फुर्र फुर्र प्यायचा. सुरुवातीला तो स्वतः शोधलेली नाणी मोठ्या तोऱ्यात आणायचा आणि सगळे ओरखडे निघायचे. मग त्याला नख फिरवायचं शिकवलं. सीट भरेपर्यंत तो नाण्यांवर नखं घासत बसू लागला. बाकीचे रिक्षावाले म्हणायचे, बाळ्याला मेव्हण्यानं वेड लावलं.

पण जानेवारीत तो माझं काही ऐकायचा नाही. जानेवारीत मास्तर तो. मडकं त्यानंच लावायचं. तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, मधे अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला इतका गच्च की मडकं उपडं केलं तरी एक शेंग सुटू नये. भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. झालं की नाही हे बघायला तो तापल्या मडक्यावर पाण्याचे चार थेंब मारायचा आणि कान लावून आवाज ऐकायचा. "चर्र" वाजलं तर अजून थांबा, "चट्" वाजलं तर काढा. आम्हाला दोन्ही सारखंच ऐकू यायचं. तोंडातून वाफ काढत शेंगा सोलताना डोळ्यांत धूर जायचा, हात काळे व्हायचे, आणि बाळाराम सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी मडक्यातल्या करपलेल्या शेंगा स्वतः खायचा. त्याला त्याच आवडायच्या.

चार वर्षांपूर्वी जानेवारी लागायच्या आधीच तो जेवेनासा झाला. तपासण्या झाल्या. पोटात गाठ होती आणि ती लिव्हरपर्यंत पोचली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "घरी न्या. चार दिवस, फार तर." पडद्याच्या मागं यमुना उभी होती. तिनं ऐकलं. ती रडली नाही. नर्सकडून पिशवी घेतली, त्यात त्याचा टॉवेल घडी करून ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा घडी केला.

आमच्याकडे घरचं माणूस असं अडलं की रुपया उचलतात. आजारी माणसाच्या स्वतःच्या कमाईचा, त्याच्याच कपड्यांतून काढलेला रुपया. बायकोनं तो त्याच्यावरून पाच वेळा ओवाळायचा. मग हळदीत भिजवलेल्या फडक्यात माहेरच्या माणसानं त्याची गाठ बांधायची. ते फडकं देवापुढे ठेवायचं आणि माणूस उठून चालू लागला की गावदेवीला नेऊन द्यायचं. तोवर दोनच नियम. रुपया बदलायचा नाही आणि गाठ सोडायची नाही. मी या गोष्टी मानत नाही. वर्गात पोरांपुढे उभा राहून मी यांच्यावर बोललोही आहे. पण यमुना म्हणाली, "दादा, गाठ तूच मारायची," आणि मी मुकाट्यानं चप्पल काढून आत गेलो.

बाळाराम पुढच्या खोलीत खाटेवर होता. डोळे मिटलेले. यमुनेनं खुंटीवरचा त्याचा खाकी शर्ट काढला, वरच्या खिशाचं बटण सोडलं, आत एकच रुपया निघाला. अंगठा उभा केलेल्या हाताचं चित्र असलेला तो स्टीलचा रुपया. तिनं पाच वेळा ओवाळला, काहीतरी पुटपुटली, तो माझ्या तळहातावर ठेवला आणि हळदीचं फडकं पिळायला पाठ फिरवली. माझं बोट आपोआप कडेवर फिरलं. तिथं तुरीच्या डाळीएवढा उंचवटा होता, आणि त्यातून निघालेली रेघ थेट चित्रातल्या अंगठ्यात शिरली होती. मी नाणं उलटलं. मागची अक्षरं त्या जागी पुसट. खरं होतं. एवढा मोठा टवका मी रुपयावर कधी पाहिला नव्हता. तीस वर्षं शोधत होतो.

माझ्या पँटच्या खिशात एस्टीच्या कंडक्टरनं दिलेले सुटे होते. मी त्यातला एक रुपया काढला. यमुना वळली तेव्हा तो माझ्या तळहातावर होता आणि बाळारामचा माझ्या खिशात गेला होता. मी फडक्यात रुपया ठेवला, दुहेरी गाठ मारली, दातांनी घट्ट केली. हात आपोआप चालले असं लिहायला सोपं आहे. पण मी विचार केला होता. रुपया तो रुपया, देवीला काय कळतंय, असा पूर्ण वाक्यातला विचार केला होता.

घरी येऊन भिंग काढलं. दिव्याखाली तो उंचवटा चमकत होता. मला आनंद झाला. माझ्या बहिणीचा नवरा मरत होता, माझा बाकावरचा मित्र मरत होता, आणि मला आनंद झाला. त्यानंतरच्या चार वर्षांत या वाक्याला दुसरं वाक्य जोडून ते सौम्य करायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. जमलेलं नाही.

चौथा दिवस गेला. पाचव्या दिवशी सकाळी यमुनेचा फोन. "दादा, ह्यांनी पेज घेतली! दोन चमचे. मीठ मागितलं. देवीनं ऐकलं रे!" मी फोन धरून स्वयंपाकघरात खाली बसलो. तोपर्यंत माझ्या मनात एक सोय होती, की बाळाराम चार दिवसांत जाणार आणि फडक्यात काय आहे याला काही अर्थ उरणार नाही. आता तो जगत होता. आता त्या फडक्यावर काहीतरी अवलंबून आहे असं माझी बहीण मानत होती, आणि ते खोटं ठरवायची हिंमत माझ्यात नव्हती. न मानणाऱ्याला असल्या गोष्टींचा त्रास होत नाही अशी माझी समजूत होती. पुढच्या तीन आठवड्यांत ती पार ढासळली. बाळारामला ताप चढला की मला वाटायचं, माझ्यामुळे. ताप उतरला की वाटायचं, अजून वेळ आहे, खरा रुपया परत ठेवता येईल. मी रोज विचुंब्याला जायचो. रोज तो रुपया खिशात असायचा. देवाच्या फळीवर फडकं असायचं, गाठीवर यमुनेनं कुंकू लावलेलं असायचं, आणि यमुना तिथून हलायची नाही. पाच मिनिटं एकटं राहता यावं म्हणून मी तिला काय काय आणायला पाठवलं. लिंबू, बर्फ, शहाळं. ती अंगणातून कुणाला तरी हाक मारायची आणि ते येऊन पडायचं.

एकदा तर मी घरी वेड्यासारखं केलं. बायको देवळात गेली होती. मी हळद कालवली, जुन्या धोतराचं फडकं फाडलं, खरा रुपया त्यात बांधला आणि कॅलेंडरवरच्या देवीपुढे ठेवून म्हणालो, हा धर. तो तिकडचा नको धरू, हा खरा आहे. मी, आयुष्यभर पोरांना अंधश्रद्धेवर व्याख्यानं देणारा माणूस, कॅलेंडरपुढे हात जोडून उभा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून छान तिरपं ऊन आलं. असल्या उन्हात उंचवट्याची कड फार स्वच्छ दिसते. मी गाठ सोडून बघितलं. मी असा माणूस आहे.

शेवटी एका दुपारी संधी मिळाली. यमुना दळण आणायला स्वतः गेली, कारण गिरणीवाला पीठ बदलतो असा तिचा जुना संशय. घरात मी आणि बाळाराम. त्याचे डोळे मिटलेले. मी फळीवरचं फडकं उचललं. हळद वाळून ते कडक झालं होतं. गाठीला बोटं लावली तर कुंकवाची खपली सुटली.

"मास्तर."

मी दगडच झालो.

"सोडू नको. गाठ सुटली का नवस सुटला. ठेव ते."

मी फडकं ठेवलं. त्याच्या खाटेपाशी गेलो. त्याचे डोळे पिवळे झाले होते, पण बघणं तेच, सीट मोजणाऱ्या माणसाचं. "त्या दिवशी मी जागा होतो," तो म्हणाला. मग हात पुढं केला. मी खिशातून रुपया काढून त्याच्या हातावर ठेवला. त्याच्यानं मूठ धड मिटवत नव्हती. त्यानं अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं, एकदा, दोनदा.

"वर हाय," तो म्हणाला. "बरोबर ना? खाली नाय, वर हाय."

"बरोबर."

"किती येतील?"

मी खोटं बोलायला हवं होतं. पाच लाख सांगायला हवे होते. पण किंमत विचारली की मी खरीच सांगतो, तेवढा एकच प्रामाणिकपणा माझ्यात होता. म्हटलं, "सातशे. भेटला कुणी वेडा, तर आठशे."

तो हसायला गेला आणि त्याला ढास लागली. मी पाणी दिलं. घोटभर पिऊन त्यानं भांडं बाजूला केलं. मग म्हणाला, "आठशे रुपयांसाटी, मास्तर?"

मी म्हणालो, "विकायला नाही घेतला रे." हे बोलल्यावर मला कळलं की हे उत्तर आधीच्यापेक्षा वाईट आहे. गरजेपोटी घेतला असता तर माणूस समजू शकतो.

"तुज्यासाटीच ठेवला होता," बाळाराम म्हणाला. "दिवाळीच्या आदी गावला. खर्च होऊ नये म्हणून वरच्या खिशात, बटण लावून. पोपटीच्या दिवशी सगळ्यांपुढं तुला देणार होतो. बोलणार होतो, बग, आता मी पण मास्तर." त्यानं रुपया माझ्या हातात परत दिला. "मागितला असतास तर यमुनेनं दुसरा काढला असता. तिला काय, माज्या कपड्यातला कंचा पण चालला असता."

मी रडलो. त्याच्या खाटेच्या पाटीवर डोकं ठेवून रडलो. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला की तो तसाच तिथं पडला, मला सांगता येणार नाही. "तिला सांगू नको," तो म्हणाला. "ती त्या फडक्यावर उभी हाय. मी गेल्यावर पण सांगू नको." बाहेर फाटक वाजलं आणि यमुना पिठाचा डबा कमरेवर घेऊन आली. आम्हा दोघांकडे बघून तिला वाटलं, मेव्हणे-मेव्हणे जुन्या आठवणी काढत होते. ती खूश झाली. तिनं चहा टाकला.

ते दिवस तिच्यासाठी कसे होते, ते मी पाहिलं आहे. पंचवीस वर्षांच्या संसारात रिक्षा, शेत, सासूचं आजारपण यांत त्या दोघांना समोरासमोर बसायला वेळ मिळाला नव्हता. आता ती त्याच्या उशाशी बसून बोलायची आणि तो ऐकायचा. चोविसाव्या दिवशी त्यानं हट्ट धरला की पोपटी लावा. खाट खिडकीशी सरकवली. तो आतून सांगत होता आणि ती बाहेर मडकं भरत होती. पाला अजून दाब. कोंबडी मधी, कडेला नको. पाणी मार. ती पाणी मारायची आणि त्याच्याकडे बघायची, तो मान हलवायचा, नाही, अजून नाही. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "आता. हा आवाज. ध्येनात ठेव." त्यानं वालाचा एक दाणा चोखला, गिळला नाही. सव्विसाव्या दिवशी सकाळी गेला.

दिवस झाल्यावर यमुना ते फडकं घेऊन गावदेवीला निघाली. मी म्हटलं, आता कशाला? नवस तर फळला नाही. ती म्हणाली, "असं नको बोलू दादा. डॉक्टर चार दिवस बोलले होते. देवीनं चाराचे सव्वीस केले. बावीस दिवस माज्या पदरात टाकले. तिचं तिला नको द्यायला?" ती आत गेली. मी बाहेर चपलांपाशी उभा राहिलो, एक हात खिशात घालून.

तेव्हापासून ती हे सगळ्यांना सांगते. लग्नात, हळदीला, फोनवर. बावीस दिवस. कुणाच्या घरी कुणी गेलं की ती तिथं जाऊन बसते आणि सांगते, मला बावीस मिळाले, मला तरी मिळाले. बाकी ती खंबीर आहे, शेत बघते, रिक्षा भाड्यानं दिलीय तिचं बघते. मी विचार करायचो, तिचं बरं चाललंय, आपण गप्प राहावं. बाळारामही तेच म्हणाला होता. गप्प राहण्यासाठी माझ्याकडे एवढी चांगली कारणं होती की मला त्यांचाच संशय यायचा. नाणं विकलं नाही, फेकलं नाही, कुणाला दाखवलं नाही. महिन्यातून एकदा काढून बघायचो. अजूनही ते मला सुंदर दिसायचं.

रविवारी दुपार कलताना मी विचुंब्याला पोचलो. बाळारामच्या शेताच्या तिन्ही बाजूंनी आता इमारती आहेत. मधे एवढाच हिरवा तुकडा राहिलाय आणि विसाव्या मजल्यावरून लोक आमच्या जाळाचे फोटो काढत होते. आवाज करत एक विमान अगदी खालून गेलं, कुणी वर बघितलंसुद्धा नाही. यमुनेनं मडकं लावलं, पाणी मारलं, कान लावला. "आता," ती म्हणाली. मडकं उघडलं आणि तो वास आला. मी खाल्लं. चार वर्षांनी खाल्लं, आणि शेंगा चांगल्या होत्या.

आलेले लोक उन्हं जायच्या आत पांगले. राखेपाशी आम्ही दोघंच उरलो. ती मडक्यातल्या करपलेल्या शेंगा वेचून माझ्या ताटलीत टाकत होती. मधेच तिनं माझा उजवा हात धरला, काजळी लागलेला, आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "ह्या हातानं गाठ मारलीस तू. तुज्या हाताला यश हाय, दादा. माजे बावीस दिवस ह्या हातातनं आले."

तिनं दुसरं काहीही म्हटलं असतं तर मी गप्प राहिलो असतो. बाळारामचा शब्द पाळला असता. पण ती हात सोडत नव्हती. मी दुसऱ्या हातानं डबी काढली, रुपया काढला, तिच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. कंडक्टरचा रुपया, भिंग, मला झालेला आनंद, कॅलेंडर, सकाळचं ऊन, बाळाराम काय म्हणाला. भराभर सांगितलं, मधे थांबलो असतो तर पुढचं बोलता आलं नसतं. ती ऐकत होती. तिनं नाण्याकडे एकदाही बघितलं नाही.

मला वाटलं ती मारेल. मला वाटलं ती थुंकेल, निघून जा म्हणेल. त्याची माझी तयारी होती.

"ह्यांना माईत होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि मी देवीला दिलं, त्या फडक्यात..."

"माझा रुपया होता. एस्टीचे सुटे."

तिच्या चेहऱ्यावर राग यावा म्हणून मी वाट बघत होतो. राग आला नाही. तिथं काहीतरी हरवल्याची धास्ती दिसायला लागली, भर जत्रेत मूल सुटलेल्या बाईच्या चेहऱ्यावर दिसते तशी, आणि मला कळलं की मी तिला खरं सांगून स्वतःचं ओझं उतरवलं आणि तिच्याकडे होतं नव्हतं तेवढं काढून घेतलं. हे दुसऱ्यांदा.

"मंग ते बावीस दिवस मला कुणी दिले, दादा?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला खरोखरच उत्तर हवं होतं.